चिनी सुलेखनकार कसा घडतो: ब्रश, कित्ता आणि नजर

प्रश्न असा आहे: चिनी सुलेखनकाराचं शिक्षण नेमकं कसं होतं, त्याला किती वर्षं लागतात, आणि चिनी भाषा न येणाऱ्याला पुण्या-मुंबईत बसून त्याची सुरुवात करता येईल का?

आधी थोडक्यात सांगतो. सुरुवात नक्की करता येते. रोज दीड-दोन तास बसलं तर एका वळणाचं अक्षर नीट उभं राहायला दोन-तीन वर्षं जातात. चिनी सुलेखनाच्या पाचही लिप्या, म्हणजे अक्षर लिहिण्याच्या पाच शैली, हाताखालून जाऊन स्वतःचं वळण दिसायला लागायला दहा-पंधरा. या सगळ्या काळात मुख्य काम एकच असतं, कित्ता. आपल्याकडे कित्ता गिरवणं हा पहिली-दुसरीच्या मुलांचा उद्योग समजला जातो. चीनमध्ये सत्तरीतला नावाजलेला सुलेखनकारही सकाळी कित्ता समोर ठेवून बसतो. त्याचा हात केव्हाच तयार झालेला असतो. कित्ता लागतो तो नजरेसाठी. ही गोष्ट एकदा पटली की पुढचं बरंच सोपं होतं, म्हणून ती सुरुवातीलाच सांगितली.

आता साहित्य. ब्रश, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड, या चौघांना चिनी परंपरेत ‘अभ्यासिकेतली चार रत्नं’ म्हणतात. त्यात सगळ्यात जास्त चुका ब्रशच्या बाबतीत होतात. नवा ब्रश खळ लावून कडक केलेला असतो. तो साध्या पाण्यात केस पूर्ण मोकळे होईपर्यंत भिजवायचा, गरम पाण्यात कधीही नाही, कारण केस ज्या डिंकाने दांड्यात बसवलेले असतात तो सुटतो. काही जण फक्त टोक मोकळं करून लिहितात. मग ब्रशचं पोट उघडतच नाही, शाई साठत नाही आणि रेघ अर्ध्यात कोरडी पडते. रोज लिहायला बसतानाही ब्रश आधी पाण्यात बुडवून, निथळून, मगच शाईत घालावा. कोरड्या ब्रशात शाई थेट मुळापर्यंत चढते, तिथे वाळते, आणि महिन्याभरात ब्रश दुभंगायला लागतो. त्या मुळाशी अडकलेल्या शाईनेच बहुतेक ब्रश मरतात.

चांगल्या ब्रशच्या चार कसोट्या जुन्या आहेत: टोक अणकुचीदार हवं, टोक दाबून चपटं केलं तर केसांची कड एका रेषेत हवी, पोट सगळीकडून गोल हवं, आणि दाबून सोडल्यावर ब्रश सरळ व्हायला हवा. पांढरा शेळीच्या केसांचा ब्रश मऊ असतो, शाई खूप धरतो, पण दाबल्यावर आपणहून सरळ होत नाही. ज्याला ‘लांडग्याचे केस’ म्हणतात ते प्रत्यक्षात एका जातीच्या मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीचे असतात आणि ते लवचीक, ताठ असतात. नवशिक्याने मिश्र केसांचा घ्यावा. केसांची लांबी ४ ते ५ सेंमी, जाडी साधारण १ सेंमी. यावर ७-८ सेंमीचं अक्षर आरामात बसतं. ब्रश छोटा आणि अक्षर मोठं अशी जोडी केली की माणूस ब्रश मुळापर्यंत दाबतो आणि तो फाकतो. केसांच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा जास्त दाब कधीच लागू नये. ब्रशसाठी चच्यांग प्रांतातलं हूचौ पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे.

कागदात नाव आहे ते श्वान कागदाचं. तो आन्ह्वेइ प्रांतातल्या चिंग परगण्यात छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. २००९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत चिनी सुलेखनाबरोबर या कागदाची कलाही गेली. पण कच्चा श्वान नवशिक्याच्या कामाचा नाही. तो शाई इतक्या झटकन पितो की हात क्षणभर थबकला तरी तिथे डाग फुगतो. सरावाला बांबूचा पिवळसर, किंचित खरबरीत कागद वापरतात. त्यावर ७-८ सेंमीचे चौकोन छापलेले असतात, बहुधा एका तावावर २८. इथे तो मिळाला नाही तर न्यूजप्रिंटचा कोरा कागद चालतो. गुळगुळीत ड्रॉइंग पेपर मात्र नको. शाई वरच तरंगते आणि ब्रशला पकड मिळत नाही. कागदाखाली फेल्ट किंवा जुनं घोंगडं घालायचं, नाहीतर आरपार गेलेली शाई टेबलावर पसरून उलट वर येते.

शाईची वडी आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशीच उगाळायची. थोडंसं स्वच्छ पाणी, वडी उभी, हात सावकाश. घाई केली तर दाणा जाड येतो आणि फेस होतो. वडीच्या मागे उमटलेली वाट लगेच न मिटता क्षणभर टिकली की शाई लिहिण्याजोगी झाली. वडी दगडावर ठेवून उठू नये, ती चिकटते आणि काढताना दगडाचा टवका निघतो. आदल्या दिवशीची शाई सरावाला वापरू नये. तिच्यातला सरस नासतो, पाण्याचं वलय अक्षराबाहेर पसरतं आणि पुढे लेख मागून कागद लावून मढवताना काळं सुटतं. रोजच्या सरावाला बाटलीतली चिनी शाई पुरते. स्टेशनरीच्या दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र घेऊ नका. तिच्यात बहुधा लाख असते, आणि ती एकदा केसांत वाळली की ब्रश गेला.

बोरूने किंवा कट निबने देवनागरी लिहिणाऱ्यांना ब्रश हातात घेताच एक ठरावीक अडचण येते. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, कोन कायम ठेवला की दिशेप्रमाणे रेघ आपोआप जाड-बारीक होते. चिनी ब्रशमध्ये जाडी येते ती दाबातून, आणि टोक रेघेच्या मधोमध चालावं लागतं. बोरूची सवय असलेला हात ब्रश खांद्याकडे कलता धरतो. मग आडव्या रेघेत टोक वरच्या कडेने जातं आणि पोट खालच्या कडेने फरफटतं: वरची कड स्वच्छ, खालची करवतीसारखी. आपल्या कागदावर हे दिसलं तर रेघ सुधारत बसू नये, ब्रश उभा करावा. धरायची रीत अशी: अंगठा आणि तर्जनी समोरासमोर, मधलं बोट बाहेरून ओढून धरणारं, अनामिका आतून बाहेर ढकलणारी, करंगळी अनामिकेला टेकलेली. बोटं घट्ट, तळवा पोकळ. आत अंडं मावेल इतका. ७-८ सेंमीच्या अक्षराला मनगट उचललेलं हवं, कोपर टेकलं तरी चालतं. त्याहून मोठ्या अक्षराला कोपरही उचलायचं, आणि खूप मोठं असेल तर उभं राहून लिहायचं.

आता प्रत्यक्ष रेघ. ‘तीन’ या अर्थाचं चिनी अक्षर म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा, बाकी काहीही नाही. म्हणून शिकायला त्याहून चांगलं अक्षर नाही. प्रत्येक रेघेत हात काय करतो ते पाहा: ब्रशचं टोक कागदावर टेकतं, उजवीकडे-खाली तिरकं दाबलं जातं, मग टोक मध्यावर गोळा होतं, किंचित उचलून रेघ उजवीकडे सरकते, थोडी चढत जाते, शेवटी क्षणभर वर उचलून पुन्हा तिरका दाब, आणि टोक आल्या वाटेने मागे. एका रेघेला तीन-चार सेकंद. आता तिन्ही रेघा एकत्र. मधली सगळ्यात आखूड, खालची सगळ्यात लांब. वरची किंचित आकाशाकडे वळलेली, मधली सपाट, खालची पाठ वर काढलेली. तिघींचा चढ सारखा नाही, सुरुवातीचा दाब सारखा नाही. नवशिक्या तीन सारख्या रेघा काढतो आणि ‘जमलं’ म्हणतो, कारण त्याला फरक अजून दिसलेलाच नसतो. तो दिसला की हात आठवड्याभरात तिथे पोचतो. न दिसता वर्षभर लिहिलं तरी काही होत नाही.

बिघडलेल्या रेघांना चिनी गुरूंनी दिलेली नावं फार बोलकी आहेत. सुरुवातीला फार जोर दिला की ‘बैलाचं डोकं’. शेवटी टोक गोळा न करता झटकन उचललं की ‘उंदराची शेपटी’. दोन्ही टोकं फुगली आणि मध्ये ब्रश अधांतरी गेला की ‘गांधीलमाशीची कंबर’. वळणावर थांबून थांबून गाठ आली की ‘करकोच्याचा गुडघा’. या चारांपैकी आपला रोग कुठला ते आठवड्यातून एकदा लाल पेनाने खूण करून पाहावं. बहुतेकांचा एकच असतो आणि तो सगळ्या अक्षरांत असतो.

रेघांचे मूळ प्रकार आठ. ‘चिरंतन’ या अर्थाच्या ‘युंग’ या एका अक्षरात ते सगळे येतात: ठिपका, आडवी, उभी, आकडा, चढती, लांब डावी उतरती, आखूड डावी उतरती आणि उजवी उतरती. म्हणून शतकानुशतकं शिकवणी या अक्षरावरून होते. यातली उजवी उतरती सगळ्यांना छळते. ती बारीक सुरू होऊन दाब वाढवत जाते, पायाशी पूर्ण थांबते, आणि तिथून ब्रश हळूहळू उचलत आडवी निघते. पायाशी न थांबता निघालं की तळव्याची टाच येत नाही, रेघ विळ्यासारखी होते.

कित्ता वापरायच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली गिरवणं: लाल छापील अक्षरावरून किंवा पातळ कागद वर ठेवून. यातून वाट कळते, पण ती महिन्या-दीड महिन्यापेक्षा जास्त चालवू नये, हात आंधळा होतो. दुसरी, कित्ता समोर ठेवून पाहून लिहिणं, याला ‘लिन’ म्हणतात. मुख्य काम इथे होतं आणि ते आयुष्यभर चालतं. तिसरी, कित्ता मिटून आठवणीने लिहिणं. दुसरीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक रेघ पाहायची, एक लिहायची, पुन्हा मान वर. अशाने अक्षराचे तुकडे बरोबर येतात आणि अक्षर मोडतं. एक अक्षर मिनिटभर पाहावं: कुठली रेघ सगळ्यात लांब, पोकळ जागा कुठे मोठी, अक्षर चौकोनाच्या मध्यापासून किती सरकलंय. मग एका दमात लिहावं. मग तेच अक्षर कित्त्याच्या मापाचं करून पारदर्शक कागदाने एकावर एक ठेवावं. जिथे सरकलंय तिथे खूण, पुन्हा लिहावं. दिवसाला आठ-दहा अक्षरं एवढीच, पण अशी. एकाच अक्षराच्या शंभर ओळी खरडल्या तर पहिल्या दहानंतर आपण स्वतःचीच नक्कल करत असतो.

कित्ता कोणाचा? सुरुवात बहुधा ‘काइशू’, म्हणजे सुट्या नियमित लिपीने होते, आणि थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) शिलालेखांवरून. ओउयांग शुन (५५७–६४१) यांचा ६३२ सालचा च्यूछंग राजवाड्यातल्या गोड झऱ्याचा लेख रचनेला सगळ्यात काटेकोर; त्यात एक रेघ हलली तरी अक्षर कलतं. यान चनछिंग (७०९–७८५) यांचा ७५२ सालचा प्रभूतरत्न स्तूपाचा लेख भरदार आणि नवशिक्याला समजून घेणारा. ल्यू कुंगछ्वान (७७८–८६५) यांचं अक्षर हाडाचं, कोरडं. माझ्या मते ज्याचं अक्षर मुळात ढिलं आहे त्याने ओउयांग घ्यावा, आणि ज्याचा हात आखडलेला आहे त्याने यान. एकदा घेतलेला कित्ता निदान वर्षभर बदलू नये. दर दोन महिन्यांनी नवा कित्ता घेणाऱ्यांची संख्या खूप आहे आणि त्यांची प्रगती जवळजवळ शून्य असते.

शिलालेखांच्या बाबतीत एक सावधगिरी. आपल्या हातात येतो तो ठसा: दगडावर ओला कागद ठोकून बसवतात, वरून शाईची पुरचुंडी फिरवतात, अक्षरं काळ्यावर पांढरी उठतात. पांढरी रेघ काळ्यावर आहे त्यापेक्षा जाड दिसते, म्हणून कित्त्यावरून लिहिलेलं अक्षर नेहमी फुगतं. शिवाय दगडाची झीज, भेगा, छिन्नीचे कोपरे. हजार वर्षांत गेलेला टवका ब्रशचा झोक समजून मन लावून लिहिणारे लोक आहेत. चिगुंग (१९१२–२००५) हे बीजिंगचे विद्वान सुलेखनकार सांगत, छिन्नीच्या धारेपलीकडे ब्रशचं टोक पाहायला शिका. त्यासाठी त्याच काळातल्या कागदावरच्या शाईच्या मूळ लेखनाचे चांगले छापील फोटो जवळ ठेवावेत. तिथे दिसतं की टोक आत दडवून सुरुवात करायची रीत प्रत्येक रेघेला लावलेली नाही. किती तरी रेघा टोक सरळ टेकवूनच सुरू होतात.

काइशू दोन वर्षं झाली की बहुतेक शिक्षक जुन्या ‘लीशू’ (कारकुनी लिपी) आणि ‘च्वानशू’कडे (शिक्क्यांवरची लिपी) नेतात. च्वानशूच्या एकाच जाडीच्या रेघांनी टोक मध्यावर ठेवायची सवय पक्की होते. मग ‘शिंगशू’, म्हणजे चालती लिपी. आपल्याला मोडी ठाऊक आहे, त्यामुळे हात न उचलता वेगाने लिहिण्याचं तर्कशास्त्र लवकर समजतं. शिंगशूत मात्र कुठली रेघ कुठल्या रेघेला जोडायची हे मूळ रेघक्रमावर ठरतं. क्रम चुकीचा पाठ झाला असेल तर जोड खोटे येतात आणि जाणकाराला ते लगेच दिसतात. ‘त्साओशू’, तृणलिपी, सगळ्यात शेवटी. ती दिसते बेबंद, पण तिच्यात एक ठिपका हलला की अक्षराचा अर्थ बदलतो.

शिंगशूचा प्रमुख कित्ता मराठी वाचकाला जवळचा आहे. ह्युएन त्संग पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला हे आपण शाळेत शिकतो. तो परतल्यावर त्याने भाषांतरित केलेल्या ग्रंथांना सम्राट थायचुंग याने प्रस्तावना लिहिली. ती दगडावर कोरायची होती ती सुलेखनाचा आदर्श मानल्या गेलेल्या वांग शीची (३०३–३६१) याच्या हस्ताक्षरात, आणि तो जाऊन तीनशे वर्षं झालेली. ह्वायरन नावाच्या भिक्षूने त्याच्या उपलब्ध लेखनातून एक-एक अक्षर वेचून सगळा मजकूर जुळवला. शिला ६७२ साली उभी राहिली. ती आज शीआनच्या शिलालेखांच्या संग्रहालयात आहे, आणि सुमारे १९०० अक्षरांचा तो मजकूर आजही शिंगशूचं पाठ्यपुस्तक आहे. एकच लक्षात ठेवावं: अक्षरं वेचलेली आहेत, त्यामुळे एका अक्षरातून पुढच्या अक्षरात जाणारा श्वास तिथे नाही. सुटं अक्षर इथून घ्यावं, ओळीचा ओघ वांग शीचीच्या पत्रांवरून आणि त्यानेच ३५३ साली एका काव्यसंग्रहाला लिहिलेल्या ‘ऑर्किड मंडपाच्या प्रस्तावने’वरून. तिचं मूळ हरवलं, थांग काळातल्या नकला आहेत. त्यात ‘ची’ हे साधं अक्षर सुमारे वीस वेळा येतं आणि दर वेळी वेगळं. ती वीस रूपं एका कागदावर उतरवून भिंतीला लावावीत.

आणि यान चनछिंगने ७५८ साली बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेला शोकलेखाचा कच्चा खर्डा पाहावाच. तो तैपेईत आहे. खोडाखोड, ओळीच्या बाजूला घातलेले शब्द, शाई संपत आल्यावर फाटत गेलेल्या रेघा, मग पुन्हा दाट काळं. ब्रश कुठे बुडवला ते डोळ्यांना दिसतं. वेग, दाब आणि मन यांचा संबंध समजायला यापेक्षा स्पष्ट कागद नाही. त्याची नक्कल मात्र शिंगशू पक्कं झाल्याशिवाय करू नये, कारण वरवरची धुसफूस उचलली जाते आणि आतला कणा सुटतो.

सुलेखनकाराचा दिवस बाहेरून साधा असतो. सकाळी रोजचा धडा, म्हणजे लिन. मग वाचन, कारण लिहायला मजकूर लागतो आणि जुन्या कविता ठाऊक नसतील तर तोच तो मजकूर फिरतो. बरेच जण स्वतःचे शिक्के स्वतः कोरतात. पोटापाण्याचा आधार बहुतांश शिकवणी. चीनच्या शाळांत तिसरीपासून ब्रशलेखनाचा तास आहे, शिवाय खासगी वर्ग. मागणीप्रमाणे लेख, दुकानांच्या पाट्या, नववर्षाला लाल कागदावरची दारावरची जोडवचनं. लेखाची किंमत क्षेत्रफळावर, ‘फिंगछी’च्या हिशेबाने सांगतात, एक फिंगछी म्हणजे साधारण ३३ सेंमीचा चौरस. विद्यापीठाच्या वाटेने जायचं तर हांगचौच्या कला अकादमीत १९६३ सालापासून सुलेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

प्रदर्शनासाठीचा लेख बहुधा जुन्या, पारंपरिक लिपीतच लिहितात. इथे एक चूक वारंवार होते. आजच्या सोप्या लिपीत ‘नंतर’ आणि ‘राणी’ या दोन्ही शब्दांना एकच अक्षर आहे, उच्चार ‘हौ’. जुन्या लिपीत दोन वेगळी आहेत. संगणकाने रूपांतर करून मजकूर घेतला आणि ‘सम्राज्ञी’च्या जागी ‘नंतर’वालं अक्षर पडलं, तर बाकी लेख कितीही सुंदर असो, परीक्षक तो बाजूला ठेवतात. सही आणि तारीख मुख्य अक्षरांपेक्षा लहान, शिक्का सहीच्या अक्षरांपेक्षा मोठा नाही, आणि शिक्का उमटवताना खाली फेल्ट न ठेवता कागदाची चवड, नाहीतर ठसा मध्येच पुसट येतो.

भाषेबद्दल. चिनी न येता पहिली दोन वर्षं काही अडत नाही, रेघक्रम तेवढा शब्दकोशातून पाहून पाठ करावा. त्यानंतर मात्र भाषा लागते, कारण मजकूर निवडता येत नाही आणि त्साओशू वाचता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांना लागतं ते एवढं: मिश्र केसांचा एक ब्रश, बाटलीभर चिनी शाई, एक पांढरी बशी, फेल्ट, चौकोन आखलेला कागद आणि एकच कित्ता. ब्रश मात्र लिहून झाल्यावर लगेच धुवावा, पाणी स्वच्छ येईपर्यंत मुळाशी बोटांनी दाबत. मग टोक जुळवून, टोक खाली करून, सावलीत टांगावा.